गालातल्या पेशी आणि मूत्रमार्गाची डागडुजी

लघवीचे दुखणे माणूस होईल तितके लपवतो. धार आधी बारीक होते, मग फाटते, मग थेंबांवर येते. रात्री चार-चारदा उठावे लागते, जोर काढावा लागतो, तरी घरात कुणाजवळ बोलायची सोय नसते. अखेर एके रात्री लघवी पार अडते, ओटीपोट टणक होते आणि मिळेल ती गाडी करून दवाखाना गाठावा लागतो. उमरखेड, वणी किंवा पांढरकवड्याकडचा रुग्ण आधी यवतमाळला येतो. तिथे भागले नाही तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. नळी टाकून मूत्राशय मोकळे करतात, तात्पुरता जीव भांड्यात पडतो आणि मग डॉक्टर एक शब्द उच्चारतात: स्ट्रिक्चर.

पुरुषाचा मूत्रमार्ग अवघा अठरा-वीस सेंटिमीटर लांबीचा. आतून नाजूक ओले अस्तर आणि भोवती रक्ताने भरलेला स्पंजासारखा थर. पडल्यामुळे, अपघातात, घाईने नळी टाकताना, जुन्या गुप्तरोगाने किंवा लायकन स्क्लेरोसस नावाच्या त्वचाविकाराने या अस्तराला जखम झाली, की ती भरताना व्रण धरते. व्रणाचा स्वभावच आकसण्याचा. मार्ग आवळत जातो, हेच स्ट्रिक्चर. मग मूत्राशयाला जादा जोर लावावा लागतो आणि दुर्लक्ष झाले तर त्याचा ताण मूत्रपिंडांपर्यंत पोचतो.

या आवळलेल्या मार्गाला नवे अस्तर द्यायचे तर ते आणायचे कुठून, या एका प्रश्नाभोवती गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास फिरला आहे. त्याचे सर्वांत टिकाऊ उत्तर माणसाच्या गालात सापडले. प्रयोगशाळेत ऊती वाढवण्याचा अलीकडचा अध्यायही फिरून त्याच गालापाशी आला. या इतिहासातली काही महत्त्वाची पाने पुण्यात लिहिली गेली. यवतमाळच्या वाचकाने मात्र ती आणखी एका कारणासाठी वाचायला हवीत, आणि ते कारण त्याच्या चौकातल्या पानठेल्यावर लटकलेले आहे.

जुना उपाय रुंदावण्याचा होता. शिश्नाचे तोंड आवळून लघवी अडते त्या विकाराला सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश म्हटले आहे. त्यावर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही टोकांना उघडी अशी नळी तूप लावून आत सरकवावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालावी, असे त्यात सांगितले आहे. युरोपातही शतकानुशतके मूत्रमार्गात धातूच्या सळ्या घालून तो रुंदावत असत. 1970 च्या दशकात जर्मनीच्या हान्स साक्से यांनी दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहत व्रण कापण्याची रीत रूढ केली. आपल्याकडे लोक जिला ‘दुर्बिणीतून लघवीची वाट मोकळी करणे’ म्हणतात, ती हीच. अरुंद भाग आखूड असेल आणि पहिलीच वेळ असेल तर तिचा उपयोग होतो. पण कापलेला व्रण पुन्हा व्रण होऊनच भरतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गुण कमी येतो आणि व्रण मात्र लांबत जातो.

म्हणून शल्यचिकित्सकांनी अस्तर बदलण्याचा मार्ग धरला. आधी कातडी वापरून पाहिली. बाहेरची कातडी कोरड्या हवेची, मूत्रमार्ग कायम ओला. केसाळ जागेची कातडी घेतली तर आत केस वाढत, त्यांवर खडे जमत. 1894 मध्ये रशियन साम्राज्यातले शल्यचिकित्सक किरिल सापेझ्को यांनी तोंडातले अस्तर मूत्रमार्गात लावून पाहिले. काळाच्या फार पुढची कल्पना होती आणि ती मागे पडली. 1941 मध्ये लंडनच्या ग्रॅहम हम्बी यांनी जन्मजात मूत्रमार्गदोषाच्या मुलावर तोंडातलेच अस्तर वापरले. तेही विस्मरणात गेले. 1992 च्या सुमारास युरोपातल्या दोन-तीन गटांनी ही वाट नव्याने शोधली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे वळले.

गालाचे अस्तर इतके योग्य का ठरावे? ते जन्मापासून ओलाव्याला सरावलेले असते. वरचा पेशींचा थर जाड व चिवट, खालचा थर पातळ आणि बारीक रक्तवाहिन्यांनी गच्च. केस नाहीत. काढलेली जागाही लवकर भरते. असा तुकडा नव्या जागी शिवला की पहिले दोन दिवस तो आजूबाजूच्या द्रवावर तग धरतो. त्यानंतरच्या दोन दिवसांत खालच्या रक्तवाहिन्यांची तोंडे त्याच्या रक्तवाहिन्यांना जुळतात. ही जुळणी झाली तर तुकडा जगतो, हुकली तर आकसून मरतो. प्रयोगशाळेतल्या ऊतीचे पुढे जे काही झाले त्याची किल्ली या चार दिवसांत आहे.

तुकडा शिवायचा कुठे, हाही वादाचा विषय होता. मूत्रमार्गाच्या खालच्या अंगाला शिवला तर त्याला आधार कमी मिळतो आणि तो फुग्यागत बाहेर येण्याचा धोका असतो. इटलीतल्या आरेत्झोचे ग्वीदो बार्बाली यांनी 1996 मध्ये तो वरच्या अंगाला, लिंगाच्या घट्ट भागावर पसरून शिवण्याची पद्धत मांडली. खाली भक्कम जमीन मिळाल्याने ग्राफ्ट, म्हणजे शिवलेला तुकडा, चांगला धरू लागला.

इथे पुणे या कथेत येते. डॉ. संजय कुलकर्णी यांनी पुण्यात मूत्रमार्गाच्या पुनर्रचनेलाच आपले काम मानले. लायकन स्क्लेरोससच्या रुग्णांत व्रण एखाद्या जागी न थांबता टोकापासून आतपर्यंत पसरतो. अशा रुग्णांसाठीचे नवे तंत्र त्यांनी डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांच्यासह 2000 मध्ये मांडले. 2009 मध्ये बार्बाली आणि इतर इटालियन सहकाऱ्यांसोबत त्यांनी 24 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ही पद्धत आज जगभर ‘कुलकर्णी तंत्र’ म्हणून शिकवली जाते.

या तंत्रातली युक्ती ऐकायला साधी आहे. मूत्रमार्गाला दोन्ही बाजूंनी रक्त मिळते. तो सगळा सोडवून घेतला तर दोन्हीकडचा पुरवठा दुखावतो. कुलकर्णींनी फक्त एक बाजू सोडवली आणि दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या व नसा जागच्या जागी ठेवल्या. शिवाय छेद लिंगावर न घेता मांड्यांच्या मध्ये, आसनाच्या जागी घेतला. लिंग आतून उलटून त्याच छेदातून बाहेर घेतले की मार्गाची पूर्ण लांबी हाताखाली येते. लिंगाच्या कातडीवर टाका पडत नाही आणि सगळे काम एका बैठकीत उरकते. पूर्वी अशा लांबच लांब स्ट्रिक्चरसाठी दोन शस्त्रक्रिया लागत आणि मधले कित्येक महिने रुग्णाला खालच्या वेगळ्या भोकातून, बसून लघवी करावी लागे.

2012 मध्ये कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण मूत्रमार्ग आवळलेल्या 117 पुरुषांचा आढावा प्रसिद्ध केला. व्रणाची सरासरी लांबी 14 सेंटिमीटर होती, पाठपुरावा मध्यमानाने 59 महिन्यांचा, आणि एकूण यश 83.7 टक्के. ज्यांच्यावर आधी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झाली नव्हती त्यांच्यात ते 86.5 टक्के होते आणि आधीची शस्त्रक्रिया फसलेल्यांत 61.5 टक्के. पहिलेच ऑपरेशन योग्य हातांनी होणे किती मोलाचे, हे या दोन आकड्यांतल्या अंतरावरून कळते. पुण्यातल्या कार्यशाळांना देशोदेशीचे शल्यचिकित्सक येऊ लागले आणि पुढे डॉ. कुलकर्णी मूत्रविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले.

इतके सगळे जमले असताना प्रयोगशाळेची गरज का भासावी? कारण गाल दोनच आहेत. चौदा सेंटिमीटरच्या मार्गासाठी बहुधा दोन्ही गालांतून तुकडे घ्यावे लागतात. तोंड काही दिवस दुखते, काहींना पुढेही ताठरपणा किंवा बधिरपणा जाणवतो. शस्त्रक्रिया फसली तर दुसऱ्या वेळी गालात घेण्याजोगे फारसे उरत नाही. चिमूटभर अस्तर घेऊन त्यातून हवे तेवढे वाढवता आले तर? थोड्या विरजणावर पातेलेभर दही लागते, त्यातलाच हा विचार.

त्याचा पाया 1975 मध्ये अमेरिकेत घातला गेला. जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या पेशींच्या थरावर माणसाच्या त्वचेच्या पेशी भरभर वाढवून दाखवल्या. 1981 पर्यंत अशी वाढवलेली त्वचा भाजलेल्या रुग्णांवर लावली गेली. मूत्रमार्गापर्यंत ही विद्या पोचली ती 1990 मध्ये. इटलीत रोमान्योली आणि दे लुका यांच्या गटाने जन्मजात मूत्रमार्गदोष असलेल्या रुग्णांच्या मूत्रमार्गातल्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे अस्तर परत लावले.

मोठा गाजावाजा मात्र मूत्राशयाचा झाला. बोस्टनमध्ये अँथनी अटाला यांच्यापुढे पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे मूत्राशय ताठर झालेली मुले होती. त्यांच्या मूत्राशयाला एरवी आतड्याचा तुकडा जोडत. पण आतड्याचे काम शोषण्याचे आणि बुळबुळीत स्राव सोडण्याचे. त्यातून खडे, रक्तातल्या क्षारांचे बिघाड आणि पुढे कर्करोगाचीही भीती. अटालांनी मुलांच्या मूत्राशयाचा लहानसा तुकडा घेतला, स्नायूच्या आणि अस्तराच्या पेशी वेगळ्या वाढवल्या आणि मूत्राशयाच्या आकाराच्या, कालांतराने विरघळणाऱ्या सांगाड्यावर त्या पेरल्या. बाहेरून स्नायू, आतून अस्तर. 4 ते 19 वर्षे वयाच्या सात रुग्णांचे निष्कर्ष 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि ‘प्रयोगशाळेत अवयव तयार’ अशा बातम्या जगभर झळकल्या.

2011 मध्ये त्याच नियतकालिकात मूत्रमार्गाची पाळी आली. मेक्सिकोतल्या डॉ. अटलांटिडा राया-रिवेरा यांनी अटालांच्या सहकार्याने 2004 ते 2007 दरम्यान पाच मुलग्यांना प्रयोगशाळेत घडवलेली मूत्रमार्गाची नळी बसवली होती. मुलांचे वय 10 ते 14. नळ्या अनेक वर्षे टिकल्या आणि धार चांगली राहिली.

इथवरची कथा वर्तमानपत्रांनी आवडीने सांगितली. तिचा पुढचा भाग त्यांनी फारसा सांगितला नाही. अटालांच्या तंत्रावर उभ्या राहिलेल्या टेंजियॉन या कंपनीने मूत्राशयाची पुढची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. दहा मुला-तरुणांच्या मूत्राशयात अपेक्षित सैलपणा आला नाही, उलट गंभीर दुष्परिणाम नोंदले गेले. त्याच वर्षाअखेर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मूत्रमार्गाच्या बाबतीत इंग्लंडच्या शेफील्डमधला अनुभव बोलका आहे. सौरभ भार्गव, शीला मॅकनील आणि ख्रिस्तोफर चॅपल यांच्या गटाने गालातल्या पेशी दात्यांच्या त्वचेच्या निर्जीव थरावर वाढवून लायकन स्क्लेरोससच्या पाच रुग्णांना लावल्या. 2008 मधल्या अहवालात त्यांनी सरळ लिहिले, की तिघांचे ग्राफ्ट टिकले. दोघांत व्रण वाढला, एकाचा ग्राफ्ट पूर्ण आणि दुसऱ्याचा काही भाग काढून टाकावा लागला.

असे का होते? वर सांगितलेले चार दिवस आठवावेत. गालातून थेट काढलेल्या तुकड्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या तयार असतात, त्यांना फक्त जोडणी हवी असते. प्रयोगशाळेतून येतो तो पेशींचा पातळ थर आणि सांगाडा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्या खालून नव्याने उगवून वर यायला वेळ लागतो, आणि खालची जमीन तर आधीच व्रणाने कडक व रक्तहीन झालेली. पेशी वाढवणे माणसाला साधले. त्यांना वेळेवर रक्त पोचवणे अजून पुरते साधलेले नाही.

भारतीय शल्यचिकित्सकांनी या अडचणीवर वेगळा विचार केला. मोठा कापडासारखा तुकडा विणण्याऐवजी पेशीच का नेऊन सोडू नयेत? हैदराबादचे डॉ. सूर्यप्रकाश वड्डी आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांच्या गालातले अस्तर घेतले, त्यातल्या पेशी वाढवल्या आणि तापमानानुसार पातळ किंवा घट्ट होणाऱ्या जेलमध्ये त्या मिसळल्या. दुर्बिणीतून व्रण कापून मोकळ्या झालेल्या जागी हे मिश्रण सोडले. थंड असताना ते ओतता येते, शरीराच्या उबेने घट्ट होऊन जागेवर राहते. 2019 मध्ये हा प्रायोगिक अनुभव प्रसिद्ध झाला. मोठा छेद नाही, गालातून मोठा तुकडा काढणे नाही. पण रुग्ण सहा होते, हे विसरून चालणार नाही.

त्यापाठोपाठ 2021 मध्ये ‘वर्ल्ड जर्नल ऑफ यूरॉलॉजी’त एक निबंध आला. त्याचे पहिले लेखक होते पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी. मूत्रमार्गाच्या मधल्या, फुगीर भागातल्या स्ट्रिक्चरवर रुग्णाच्याच गालातल्या संवर्धित पेशी वापरण्याची ही अनेक केंद्रांवरची, दुसऱ्या टप्प्यातली चाचणी होती. गालाचा तुकडा हाताने शिवण्यात ज्यांनी नाव मिळवले, तेच आता त्या तुकड्याची गरज कमी करता येते का हे तपासत होते. मात्र या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे संवर्धित पेशी नेहमीच्या ग्राफ्टपेक्षा सरस आहेत की नाही, याचा निवाडा त्यातून होऊ शकत नाही. जर्मनीत अशाच गालातल्या पेशींपासून बनवलेला, परवानाप्राप्त ग्राफ्ट 2010 नंतरच्या दशकात रुग्णांसाठी वापरात आला. तिथेही तोंडातला लहानसा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि सुमारे तीन आठवड्यांनी वाढलेला तुकडा परत यायचा, असा क्रम आहे.

आता यवतमाळकडे वळू. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे 1989 पासून आहे आणि केंद्राच्या योजनेतून सुपरस्पेशालिटी रुग्णालयाची इमारतही उभी राहिली आहे. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग 44 धरला की पैनगंगा ओलांडून तेलंगणात जाता येते आणि तोच रस्ता पुढे हैदराबादला पोचतो. उलट दिशेने तोच रस्ता नागपूरला नेतो. पुणे सहाशेच्या आसपास किलोमीटर. म्हणजे या इतिहासातली दोन्ही भारतीय केंद्रे जिल्ह्याच्या रुग्णाला अगदी परकी नाहीत.

अडचण वेगळीच आहे, आणि ती रुग्णाच्या तोंडात आहे. विदर्भात खर्रा म्हणजे काय, हे सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटायचा आणि पुडी गालात धरायची. शेतावर, एसटी स्टँडवर, शाळेच्या मागच्या भिंतीशी. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा समोर बसून घोटून दिला जातो. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठतात, अस्तर पांढरट आणि ताठ होते, तोंड उघडेनासे होते. डॉक्टर त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे त्यातूनच कर्करोगाचा धोका. शेजारच्या पट्ट्यात, गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ‘मुक्तिपथ’ची मोहीम उभारली, ती दारूइतकीच या तंबाखूच्या व्यसनासाठीही.

मूत्रमार्गाचे तज्ज्ञ गालाकडे ज्या कारणासाठी पाहतात, तेच खर्रा नासवतो. ओलसर, लवचीक, रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर उरतच नाही. लखनौच्या शल्यचिकित्सकांनी 2009 मध्ये तंबाखू खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. गालातून तुकडा काढल्यानंतरचे तोंडाचे त्रास तंबाखू खाणाऱ्यांत जास्त आणि जास्त काळ दिसले. अशा वेळी जिभेच्या कडेचे अस्तर किंवा इतर पर्याय शोधावे लागतात.

ज्याचे गाल खर्ऱ्याने खराब झाले, त्यालाच संवर्धित ऊतीची सर्वाधिक गरज पडणार, कारण मोठा तुकडा देण्याची ऐपत त्याच्या तोंडात नसते. पण प्रयोगशाळेलाही सुरुवातीला निरोगी पेशीच लागतात. काचेच्या भांड्यात काही शून्यातून उगवत नाही. ज्या जिल्ह्यात अकरावीतला मुलगाही खर्रा मागतो, तिथे उद्याच्या उपचाराचा कच्चा माल आजच थुंकला जातो आहे.

हा सगळा इतिहास पाहिला तर निवाडा कठीण नाही. प्रयोगशाळेतली ऊती ही खोटी आशा नाही. लांब, गुंतागुंतीच्या आणि पुन्हा पुन्हा आवळणाऱ्या मार्गांसाठी ती एक दिवस उपयोगी पडेल. पण आज मोजक्या रुग्णांवरच्या प्रयोगांसमोर 117 रुग्णांचा पुण्यातला अनुभव उभा आहे. गालाचा साधा तुकडा, कुशल हात आणि योग्य वेळ यांच्या तोडीचे अजून काही सिद्ध झालेले नाही. ‘स्टेम सेलने एका इंजेक्शनमध्ये मूत्रमार्ग नवा’ असे कुणी जाहिरातीत सांगत असेल तर तिथे पैसे मोजण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: ही नोंदणीकृत चाचणी आहे का, आणि असेल तर माझ्याकडून पैसे कशाचे घेता?

वाचकाला सांगायचे ते एवढेच. धार बारीक झाली तर लाजून थांबू नका. दुर्बिणीतून एकदा मोकळी केलेली वाट पुन्हा आवळली, तर तिसऱ्यांदा तेच करून घेण्याआधी मूत्रमार्गाच्या पुनर्रचनेचे काम नेहमी करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, कारण पहिली मोठी शस्त्रक्रिया नीट होण्यातच निम्मी लढाई आहे. आणि खर्ऱ्याची पुडी आजच फेकून द्या.